तळ्याला भिंत घालणारे सर

आमच्या सरांनी एका दुर्मिळ प्राण्याला वाचवायचं मनावर घेतलं होतं. प्राण्याला याची कल्पना नव्हती, म्हणून तो बरीच वर्षं सुखात होता.

प्राणी म्हणजे सॅलमँडर. दार्जिलिंगच्या डोंगरात, चहाच्या मळ्यांच्या वरच्या अंगाला काही मोजकी तळी आहेत. पावसाळ्यात हा रानातून उतरून त्या तळ्यांत अंडी घालतो आणि थंडी आली की परत वर जाऊन दगडा-ओंडक्यांखाली झोपतो. वीतभर लांब, काळपट तपकिरी, दोन्ही कुशींना मोठमोठ्या फोडांची रांग. जातीनं बेडकाचा भाऊबंद, पण पाहणारा पालच म्हणणार. सरांसमोर मात्र 'पाल' म्हणायची सोय नव्हती. आमच्या अटेंडंटनं एकदा सहज सांगितलं, "छिपकल्यां कू दाना डाल दिया साब." सरांनी त्याला पाऊण तास समोर उभं करून उभयचर कोणते आणि सरपटणारे कोणते ते समजावलं. शेवटी त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "साब, वो पानी के छिपकल्यां कू दाना डाल दिया."

मी हैदराबादच्या ज्या संस्थेत काम करते तिथं अशा संकटात सापडलेल्या प्राण्यांवर संशोधन चालतं, निदान फलकावर तरी तसं लिहिलं आहे. आमच्याकडे एक थंड खोली होती आणि त्या खोलीत काचेच्या टाक्यांमधून सात सॅलमँडर. बाहेर मे महिन्यात डांबर वितळायचं आणि आत अठरा अंश. सर दिवसभर त्या खोलीत स्वेटर आणि माकडटोपी घालून बसत. तिथपर्यंत ठीक होतं. पण संध्याकाळी टोपी काढायची त्यांना आठवण राहत नसे, किंवा राहत असूनही काढत नसत. नारायणगुड्याच्या सिग्नलवर, बेचाळीस अंशांत, स्कूटरवर माकडटोपी घातलेला गृहस्थ दिसला की लोक वळून बघत. सरांना ते आवडायचं असा माझा दाट संशय आहे. मी थंड प्रदेशातला शास्त्रज्ञ असून केवळ नाइलाजानं तुमच्या या तव्यावर राहतो आहे, असा तो एकूण आविर्भाव होता. प्रत्यक्षात त्यांचा जन्म हिमायतनगरातला आणि डोंगर त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो चाळिशीनंतर.

सरांचं एक भाषण होतं. एकच होतं. शाळा, परिषद, कुणाचा निरोप समारंभ, कुठंही तेच. त्यात सॅलमँडरवरची पाच संकटं असत आणि सर ती बोटांवर मोजत. तळी बुजवून होमस्टे बांधणारे लोक, तळ्यात शोभेचे मासे सोडणारे लोक, मळ्यांवर औषध फवारणारे लोक, औषधासाठी आणि हौसेसाठी प्राणी पकडून विकणारे लोक, आणि तळ्यात गुरं सोडणारे लोक. प्रत्येक संकटाच्या शेवटी 'लोक' आलं की सरांच्या चेहऱ्यावर ओशट काहीतरी खाल्ल्यासारखा भाव यायचा. लोक या प्रकाराबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता. भाषण संपलं की ते लोकांनाच प्लास्टिकचा सॅलमँडर भेट म्हणून देत. त्याला पाच बोटांचे चार पाय होते. खऱ्याच्या पुढच्या पायांना चारच बोटं असतात. ही चूक मी दाखवली तेव्हा सर म्हणाले, "हौ, मालूम आहे. पण कोण मोजतंय, अम्मा?"

'अम्मा' म्हणजे मी. इथल्या तेलुगू पद्धतीनं ते हाताखालच्या सगळ्या बायकांना अम्मा म्हणत. त्यात आदर किती आणि नावं लक्षात न ठेवण्याची सोय किती, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते एका अहवालावर सही घ्यायला. घराणं जुनं. तीन पिढ्या सरकारी नोकरी आणि वकिली, भिंतीवर शेरवानीतले पूर्वज. दिवाणखान्यातल्या सोफ्याला प्लास्टिकचं आवरण होतं, त्या आवरणावर चादर, आणि सोफ्यासमोर एक दोरी बांधलेली. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, दारातच म्हणाल्या, "इथं नको बसू बेटा, आत किचनमध्ये ये. त्या सोफ्यावर कुणी बसलं की यांचं डोकं खराब होतं."

काचेच्या कपाटात एक चिनी मातीचा टी-सेट होता. निळी फुलं, सोनेरी कड. सरांच्या आजोबांना कुणा नवाबसाहेबांकडून मिळालेला. मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळाला. काकू हसत म्हणाल्या, "माझं लग्न होऊन चौतीस वर्षं झाली. एक बार त्या कपातून चहा पिऊ द्या म्हटलं. तर म्हणतात, फुटतील. कपाटाची चावी यांच्याच जानव्याला."

मला वाटलं चेष्टा करताहेत. तेवढ्यात सर बाहेर आले, आणि खरंच शर्टाच्या आतून दोऱ्याला लटकलेली छोटी पितळी किल्ली दिसली. एखाद्याला हे विनोदी वाटेल. मला वाटलं होतं. पण सरांचं सगळं शास्त्र त्या किल्लीत होतं आणि ते मला फार उशिरा कळलं. एखादी वस्तू मोलाची असेल तर तिच्याजवळ कुणालाही येऊ द्यायचं नाही, एवढीच त्यांची संवर्धनाची व्याख्या होती.

आमच्या प्रकल्पाच्या वाट्याला एक तळं होतं. गावाच्या वर, रानाच्या कडेला, उतारावरच्या एका खोलगट जागेत साचलेलं. फार मोठं नाही, एखाद्या शाळेच्या मैदानाएवढं. पण त्या बाजूची इतर तळी एकेक करून बुजली होती आणि आसपासच्या रानातले सॅलमँडर अंडी घालायला इथंच येत. हा प्राणी तळं बदलत नाही. जिथं जन्मला तिथंच परत येतो. हे तळं गेलं की त्या डोंगरावरचा सॅलमँडर गेला, इतका सरळ हिशेब होता.

तिथं आमच्यातर्फे देखरेखीला पेम्बा नावाचा माणूस होता. गावातलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहिल्या पावसाळ्यात सरांबरोबर मी गेले तेव्हा त्यानं पहाटे आम्हाला तळ्यावर नेलं. धुक्यात, रिमझिम पावसात, उतारावरच्या ओल्या पानांतून ते येत होते. एक पाय टाकायचा, थांबायचं, विचार करायचा, मग दुसरा. इतका संथ प्राणी मी पाहिला नव्हता. मोजताना दोघांच्या हातापायांची बोटं पुरली नाहीत. मला रडू आलं हे मी कबूल करते. सर टिपणं घेत होते आणि त्यांच्या चष्म्यावर पाणी होतं. पावसाचं असावं.

एवढ्यात गावातल्या दोन म्हशी येऊन तळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

सर किंचाळलेच. पेम्बा म्हणाला, "सर, भैंस तो मेरे दादाजी के टाइम से आता है। ये भी तब से आता है।" म्हशींच्या वावरानं तळं शेवाळानं भरत नाही, मोकळं राहतं, असं त्याला सांगायचं होतं. सरांनी ऐकून घेतलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे होत्या ना म्हशी, अम्मा? तुम्हीच सांगा, म्हैस काय करते पाण्यात?"

माझे पणजोबा बिदरकडची शेती सोडून काचीगुड्याला आले आणि रेल्वेत लागले. सर ही गोष्ट अधूनमधून अशी काढत. म्हैस पाण्यात काय करते ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि पेम्बा बरोबर बोलतोय हेही. मी हसले आणि म्हणाले, "घाण करते, सर."

हैदराबादला परतल्यावर सरांनी भिंतीचा नकाशा काढला. स्वतः, पट्टी-पेन्सिल घेऊन, दोन दिवस थंड खोलीत बसून. तळ्याभोवती कमरेइतकी सिमेंटची भिंत, एक लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. सॅलमँडरला ये-जा करायला भिंतीत जमिनीलगत चोवीस भोकं. ही भोकं सरांचा अभिमानाचा विषय होता. प्रत्येकाला ते दाखवत, हे बघा, म्हैस बाहेर, सॅलमँडर आत. प्रकल्पाच्या समितीनं टाळ्या वाजवल्या आणि नकाशा मंजूर केला.

नकाशा सुंदर होता. त्यात एकच गोष्ट राहिली होती. हैदराबादच्या टेबलावर काढल्यामुळे त्यातली जमीन सपाट होती.

काम सुरू झाल्यावर पेम्बाचा फोन मलाच आला. गवंडी थांबला होता. भिंत सरळ एका पातळीत घेतली तर वरच्या अंगाची भोकं मातीत गाडली जात होती आणि खालच्या अंगाची जमिनीपासून गुडघाभर वर येत होती. भोकं उताराप्रमाणे वरखाली करू का, असं गवंडी विचारत होता. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मंजूर नकाशा आहे. त्यात एक इंच बदल केला तर फाइल परत समितीकडे, म्हणजे साल गेलं. नकाशासारखं कर म्हणा." मी पेम्बाला तसं सांगितलं. मला पुढचं दिसत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षं करारावर काढलेल्या माणसाला मंजूर झालेल्या कागदाबद्दल एक वेगळीच श्रद्धा वाटू लागते.

उद्घाटन झालं. सर माकडटोपीत, जी तिथं निदान शोभली. फाटकावर पाटी लागली, त्यावर सरांचं नाव प्राण्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. किल्ली सरांनी हैदराबादला आणली.

पुढच्या पावसाळ्यात आत मोजायला एका हाताची बोटं पुरली. हिवाळ्यात भिंत उठली तेव्हा जे आत अडकले तेवढेच होते ते. पाण्यावर हिरवी साय धरली होती. सरांनी अहवालात लिहायला सांगितलं, 'परिणाम उत्साहवर्धक असून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.' मी लिहिलं. इंग्रजीतही लिहिलं, त्यात ते आणखी चांगलं दिसलं. पाच संकटांचं भाषण चालूच होतं. सहावं संकट माकडटोपी घालून ते भाषण करत होतं आणि मी त्याच्या स्लाइड बदलत होते.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. सरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. शेवटची भेट म्हणून ते खुशीत होते, वाटेत जीपमध्ये त्यांनी मला दोनदा नावानं हाक मारली. सकाळी सातला आम्ही तळ्यावर पोचलो. पाऊस बारीक होता. पेम्बा फाटकापाशी उभा होता आणि त्यानं नुसतं बोट दाखवलं.

भिंतीच्या बाहेर, पायाशी, एक मादी होती. पोट अंड्यांनी भरलेलं. तिनं तोंड सिमेंटला टेकवलं, तसंच घासत थोडी पुढं गेली, थांबली, वर चढायचा प्रयत्न केला, उताणी पडली, सरळ झाली, पुन्हा तोंड टेकवलं. डोक्यावर वीतभर उंचीवर नकाशातलं एक भोक होतं.

प्राण्याला हात लावायचा नाही हा सरांचा कायदा होता. त्यासाठी त्यांनी पूर्वी एका पोरीला प्रकल्पातून काढलं होतं. ते वाकले आणि तिच्याबरोबर चालू लागले. ती चार बोटं सरकली की हे अर्धं पाऊल. एक तास झाला, दीड झाला. पेम्बानं छत्री धरली ती त्यांनी बाजूला केली. भिंतीच्या वरच्या अंगाला पोचल्यावर आणखी दोन दिसले, ते मेलेले होते आणि मुंग्या लागलेल्या. सर तिथं खाली बसले. चिखलात, स्वेटरसकट.

मग त्यांनी त्या मादीला दोन्ही हातांत उचललं. भिंतीवरून आत वाकून पाण्यात सोडलं. हात तसेच पुढं धरून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आता भाषण येणार. आलं नाही. ते पेम्बाला म्हणाले, "पहार है क्या?"

पेम्बा पहार घेऊन आला आणि स्वतःच भिंतीकडे निघाला. सरांनी ती त्याच्या हातून ओढून घेतली. "तुम नक्को. तुम्हारी नौकरी जाएगी."

बासष्ट वर्षांचा, आयुष्यात पेनापेक्षा जड काही न उचललेला माणूस सिमेंटची भिंत फोडायला लागला. फार वाईट फोडत होता. पहार निसटायची, ठिणग्या उडायच्या, चष्मा दोनदा पडला. अर्ध्या तासानं एक वीट निघाली. दुपारपर्यंत माणूस आडवा झोपेल एवढी जागा मोकळी झाली. तळहातांची साल गेली होती आणि सर मोठ्यानं स्वतःलाच शिव्या देत होते, अस्सल सुलतान बाजारच्या, ज्या त्या शेरवानीतल्या पूर्वजांनी नक्कीच कधी ऐकल्या नसतील. मी अकरा वर्षं कुचेष्टेनं पाहिलेला माणूस त्या दिवशी मला पहिल्यांदा आवडला. एवढं होऊनही मी पहार हातात घेतली नाही. मी फोटो काढत होते. प्रत्येक कामाचे आधी, दरम्यान आणि नंतर असे फोटो काढायचे, ही आमची पद्धत होती. ती मला सरांनीच लावली होती.

चौकशी महिनाभरात आली. सरकारी मालमत्तेचं नुकसान. भिंत सरांनी फोडली हे सर्वांना माहीत होतं, सरांनी स्वतः लिहून दिलं होतं, पण का फोडली याचं त्यांचं आठ पानी पत्र फाइलला लागलं नाही. वैयक्तिक मत असा शेरा मारून ते परत आलं. नवे संचालक मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष हजर होता. फोटोपण आहेत म्हणे. तुमचं कायम नेमणुकीचं प्रकरण याच महिन्यात जातंय, तर तुमच्या बाजूनं कागद पुरा असू दे." आवाज अगदी मायेचा होता.

गाडलेल्या भोकांचे फोटो माझ्याकडे होते. मेलेल्या दोघांचे होते. मादीचा, डोक्यावरच्या भोकासह, एकाच चौकटीत होता. त्यांनी पहारीचे मागितले होते, मी पहारीचे दिले. खाली सही केली. गवंड्याचा निरोप घेऊन पेम्बानं केलेल्या त्या फोनबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सर समितीतून गेले, प्रकल्पातून गेले, निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी ते ऑफिसचा मोबाइल आणि खोलीच्या किल्ल्या जमा करायला आले. तळ्याच्या फाटकाची किल्लीही त्यात होती. माझ्या टेबलाशी थांबले. चौकशीच्या कागदांची प्रत त्यांना मिळाली होती. म्हणाले, "फोटो चांगले आलेत, अम्मा. फोकस एकदम बरोबर आहे." टोमणा होता की शाबासकी, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी शिकवलेलं काम मी नीट केलं होतं, एवढंच खरं.

आता त्यांच्या खुर्चीवर मी आहे. कायम. मंजूर काम जागेवर दिसलं पाहिजे म्हणून भिंत पूर्ववत झाली. मंजूर नकाशाप्रमाणे. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझी सही आहे. हिमायतनगरात, सरांच्या घरी, मी परत गेले नाही. काकूंनी एकदा फोन करून बोलावलं होतं, मी कामात असल्याचं सांगितलं.

गेल्या जूनमध्ये पेम्बाचा फोन आला. तिकडे पाऊस सुरू झाला होता. म्हणाला, "मॅडम, सात आया है। सब बाहर है, दीवार के पास घूम रहा है। मैं तोड़ दूँ? थोड़ा सा?"

मी म्हणाले, तसं काही करू नकोस, सविस्तर लेखी पाठव, मी समितीपुढं ठेवते.

फोनमधून पावसाचा आवाज येत होता.

"ठीक है मॅडम," तो म्हणाला. "सर का नंबर है आपके पास? घर का?"

नंबर माझ्याकडे होता. मी नाही म्हणाले.